बर्फाचा दुसरा कारखाना

मी शाळेत होते तेव्हा डहाणूच्या खाडीजवळ बर्फाचा एकच कारखाना होता. त्याच्या मालकांना सगळे शेट म्हणत. शेट मासळीचाही व्यापार करायचे. बंदरावर आलेली मासळी विकत घ्यायची आणि ट्रक भरून मुंबईला पाठवायची. बर्फ त्यांचा, ट्रक त्यांचे. त्यामुळे ज्याने मासळी शेटना घातली त्याला बर्फ मिळायचा. ज्याने ती दुसऱ्या व्यापाऱ्याला घातली त्याला कारखान्याच्या खिडकीतून उत्तर मिळायचं, "आज लाइट नव्हती, लाद्या धरल्या नाहीत." मागच्या बाजूला लाद्या फोडल्याचा आवाज तेव्हाही येत असायचा.

हे गावाला माहीत होतं. चूक वाटायचं, पण पावसाळ्यात छप्पर गळतं तसं वाटायचं. ज्याच्या घरात गळतं त्याने भांडं ठेवावं.

माझे बाबा रेल्वेत नोकरीला होते. गाड्यांच्या वातानुकूलित डब्यांची यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्ही स्टेशनजवळ भाड्याच्या घरात राहायचो. रविवारी सकाळी बाबा सायकलने बंदरावर मासे आणायला जात. एका उन्हाळ्यात असेच गेले आणि दुपार उलटल्यावर रिकामी पिशवी घेऊन परतले.

"मासे?" आईने विचारलं.

"होते. फेकले तिने."

मग त्यांनी सांगितलं. एक मासेवाली पापलेटच्या पाट्या घेऊन कारखान्यापुढे सकाळपासून बसली होती. आदल्या आठवड्यात तिने गुजरातहून आलेल्या एका व्यापाऱ्याला माल दिला होता, कारण तो भाव जास्त देत होता. खिडकीतून तिला सांगितलं गेलं, लाइट नव्हती. बाबा तिच्याजवळच उभे राहिले होते. उन्हं चढली तसे पापलेटचे डोळे बसत गेले. शेवटी तिने आणि तिच्या नवऱ्याने पाट्या उचलून खाडीत ओतल्या. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. पाट्या धुऊन घेतल्या आणि घरी गेली.

बाबांनी रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "बर्फ म्हणजे असतं काय? पाणी आणि वीज."

"आणि शेट," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी बाबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आई महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नाही. फंड मिळाला तो आणि गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून आलेलं, सगळं त्यांनी खाडीच्या वरच्या अंगाला एका शेडमध्ये घातलं. वापीच्या एका बंद पडलेल्या शीतगृहातला जुना कंप्रेसर आणला आणि वापीचाच एक गुजराती मेकॅनिक मदतीला घेऊन तो स्वतःच्या हाताने उघडला, घासला, बसवला. मिठाच्या पाण्याची टाकी बांधली. पत्र्याचे डबे त्यात सोडले. पहिली लादी डब्यातून निघाली तेव्हा मी तिथे होते. मध्यभागी पांढरी, कडेने काचेसारखी. बाबांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि भाजेपर्यंत ठेवून धरला.

उद्घाटनाला शेट आले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "छान केलंत भाऊ. दोन असले की गिऱ्हाइकाला बरं." हे सांगितलं पाहिजे की त्या माणसाने आम्हांला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही. माझ्या बारावीच्या निकालाला त्यांच्याकडून मिठाई आली होती.

बाबांनी भिंतीवर स्वतः रंगवलं होतं, "बर्फ सर्वांना मिळेल. भाव एकच." पहिल्या हंगामात खरोखर सगळे आले. ती पापलेटवाली सगळ्यांत आधी आली. तिला आम्ही मावशी म्हणू लागलो. गुजरातेतले व्यापारी आता बिनधास्त येऊ लागले, कारण त्यांना माल घातला तरी बर्फ अडणार नव्हता. त्यामुळे शेटनाही मासळीचा भाव वाढवून द्यावा लागला. त्या वर्षी मावशीने घरावर झावळ्यांच्या जागी पत्रे घातले. बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना अमोनियाचा उग्र वास असायचा आणि ते जेवताना बोलत राहायचे. एरवी ते जेवताना बोलत नसत.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला शेटनी बर्फाचा भाव निम्म्याहून खाली आणला.

बाबांनी विजेच्या बिलाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की या भावात पाणीसुद्धा गोठत नाही. शेटही तोट्यातच विकत होते. पण त्यांच्याकडे मासळीचा धंदा होता, चिकूच्या बागा होत्या. ते तोटा कितीही दिवस सोसू शकत होते. आमच्याकडे आईचा पगार होता.

गिऱ्हाइकं एकेक करून गेली. रागाने नाही, लाजत गेली. आमच्या शेडवरून जाताना बायका मान फिरवायच्या. मावशी सगळ्यांत शेवटी गेली. जाण्याआधी ती शेडमध्ये येऊन बसली.

"भाऊ, तुमचा बरफ घेते ना, तर घरातली पोरं बोलतात. शेजारीण निम्म्यात आणते, तू काय येडी हायस का?"

"जा तुम्ही," बाबा म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मीपण गेलो असतो."

न विकलेल्या लाद्या शेडमध्ये वितळायच्या. भुशाखालून पाण्याचा ओहोळ निघून रस्ता ओलांडायचा आणि खाडीकडे जायचा. बाबा खुर्ची टाकून दारात बसलेले असायचे. ओहोळ कुठे तुंबला तर उठून पायाने वाट करून द्यायचे.

मग त्यांना अच्छाड सुचलं. गुजरातच्या किनाऱ्यावरून मुंबईला मासळी नेणारे ट्रक राज्याच्या सीमेवर अच्छाडच्या तपासणी नाक्यावर अडकून पडायचे. रांग कधी कधी अख्खा दिवस हलायची नाही. ट्रकखाली तांबूस पाणी ठिबकत असायचं आणि ड्रायव्हर हैराण झालेले असायचे. बाबांनी टेम्पो भाड्याने घेतला. लाद्या भुशात घालायच्या, वर गोणपाट आणि ताडपत्री, आणि हायवेने निघायचं. मी सुट्टीत काही वेळा त्यांच्याबरोबर गेले. विवळवेढ्याला टेम्पोवाला वेग कमी करून देवीला हात जोडायचा, तसे बाबाही जोडायचे. पूर्वी ते देवाधर्माचे नव्हते. तलासरी गेलं की ते ताडपत्रीखाली हात घालून पाहायचे, किती उरलंय.

अच्छाडला एका ढाब्याच्या कडेला टेम्पो लागायचा. ड्रायव्हर गुजरातीत ओरडत धावत यायचे. "काका, जल्दी बरफ मूकी दो!" बाबा टोच्याने लादी फोडायचे, मी घमेली भरून द्यायचे. तासाभरात टेम्पो रिकामा. परत येताना बाबा टेम्पोवाल्याला म्हणाले, "बघ, गिऱ्हाईक असतंच. आपण त्याच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे." ते काही महिने आमच्या घरात पुन्हा बोलण्याचे आवाज येत राहिले.

एका दुपारी ढाब्याचा मालक टेम्पोजवळ आला. चांगला माणूस होता, मला फुकट लस्सी द्यायचा. त्याने बाबांना बाजूला घेतलं, पण मला ऐकू आलं.

"काका, उद्यापासून इथं लावू नका."

"काय झालं?"

"माझ्या कोल्डड्रिंकला, भाजीला बर्फ लागतो. आता शेटची गाडी दारात आणून टाकते. त्यांच्या माणसाने सांगितलं, हा टेम्पो इथं दिसला तर तुझा बर्फ बंद."

"मी देतो तुला. रोज देतो."

त्याने मान हलवली. "तुम्ही किती दिवस असाल काका?"

पुढच्या ढाब्यावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर रहदारीला अडथळा म्हणून हवालदार हटवायचा. दोन-तीन वेळा भरलेला टेम्पो तसाच परत आला. मग बाबांनी तो सोडून दिला.

मी तेव्हा मुंबईला वसतिगृहात राहून कायदा शिकत होते. शेवटच्या वर्षाला आम्हांला मक्तेदारीविरुद्धचा कायदा होता. बहुतेक मुलं त्या तासाला झोपायची, कारण त्यावर परीक्षेत एकच प्रश्न येई. मी ताठ बसून ऐकत होते. सर सांगत होते, एक वस्तू हवी तर दुसरा व्यवहारही आपल्याशीच कर असं बंधन घालणं. स्पर्धकाला घालवण्यासाठी तोट्यात विकणं. स्पर्धकाशी व्यवहार करणाऱ्याचा माल बंद करणं. सर दिल्लीच्या कंपन्यांची उदाहरणं देत होते आणि मला खिडकी दिसत होती, ओहोळ दिसत होता, ढाबा दिसत होता. आमच्या बाबतीत जे जे घडलं होतं त्या प्रत्येकाला कायद्यात नाव होतं.

शनिवारी मी घरी जाऊन बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे हे सरकारला माहीत आहे?"

"कायदाच आहे बाबा. दिल्लीत आयोग आहे."

"कायदा आहे," ते आईला म्हणाले. "ऐकलंस का?"

आई वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता.

सरांनी सांगितलं की तक्रार ग्राहकांकडून यायला हवी. प्रतिस्पर्ध्याने एकट्याने रडगाणं गायलं तर कुणी ऐकत नाही. म्हणून बाबा आणि मी मच्छीमारांच्या वस्तीत गेलो. बोटी ओढून ठेवल्या होत्या, पुरुष जाळी विणत बसले होते. बाबांनी समजावून सांगितलं. एकाने हातातली सुई थांबवली.

"बरफ स्वस्त देतो म्हणून तक्रार करायची?"

"आज स्वस्त आहे. मी बंद पडलो की काय होईल?"

"तवा बघू ना."

"तेव्हा बघायला दुसरा कारखाना नसेल."

तो हसला, पण वाईट हसला नाही. "भाऊ, तुमचं बरोबर असंल. पर आज मी पोरांना काय सांगू? पुढच्या वर्षासाठी यंदा म्हाग घेतो?"

 सही केली ती मावशीने आणि तिच्या नात्यातल्या काही बायकांनी. मावशी सही करायला शिकली होती. अक्षरं मोठी आणि एकमेकांपासून लांब लांब.

तक्रार गेली. एक हंगाम गेला, दुसरा आला, आणि एके दिवशी खरोखर चौकशीला अधिकारी आले. मी मुद्दाम मुंबईहून येऊन घरी थांबले होते. ते शेटकडे गेले नाहीत, आधी आमच्याकडे आले. दमलेला, सरळ माणूस. त्यांनी आमच्याकडचा चहासुद्धा नको म्हटला, फक्त पाणी घेतलं. ते लाच खाणारे निघाले असते तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. मग निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

बंदरावर त्यांनी लोकांना विचारलं, "बर्फ मिळतो का?"

"मिळतो."

"भाव वाढलाय का?"

"न्हाय साहेब. कमी झालाय."

मावशी पुढे आली. पूर्वी बर्फ कसा अडवायचे, पापलेट कसे फेकले, सगळं तिने सांगितलं. अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आता देतात का बर्फ?"

"आता देतात."

"मासळी दुसऱ्याला घातली तरी?"

"आता काय बोलत न्हाय."

"मग आता तुमची तक्रार काय आहे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला गेले तर अधिकारी म्हणाले, "त्यांना बोलू द्या." ती पदर सावरत मागे बायकांत जाऊन उभी राहिली.

निघताना ते बाबांजवळ थांबले. "गैरसमज करून घेऊ नका. गिऱ्हाइकाला दोन दुकानं असावीत आणि भाव उतरावा, हाच या कायद्याचा हेतू. इथे दोन्ही दिसतंय."

"साहेब, मी बंद पडल्यावर या," बाबा म्हणाले.

"बंद पडल्यावर नवीन तक्रार करावी लागेल." ते हे चेष्टेने म्हणाले नाहीत. नियम सांगत होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात बाबांनी कंप्रेसर थांबवला. काही दिवसांनी शेट घरी आले. पायरीशी चपला काढल्या, आईच्या तब्येतीची चौकशी केली. कारखाना विकत घेतो म्हणाले, आणि किंमतही पडेल ती नाही, रीतसर सांगितली. अट एकच, बाबांनी तालुक्यात पुन्हा बर्फाचा धंदा करायचा नाही. "आणि भाऊ, तुमच्यासारखा यंत्रातला माणूस मला मिळायचा नाही. माझ्याकडे या. मानाने राहाल."

ते गेल्यावर आई म्हणाली, "विका. पण नोकरीला नाही म्हणा."

"मला दुसरं काय येतं?" बाबा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून असा आवाज पहिल्यांदा ऐकला, कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखा.

शेटना कारखाना चालवायचा नव्हता. मोडायचा होता. आणि ते काम नोकरीतलं पहिलं काम म्हणून बाबांकडेच आलं. मी त्या दिवशी गेले होते. बाबांनी नट आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत घातले, तेल लावून फडक्यात गुंडाळले, जणू ते पुन्हा कुठे जोडायचेच आहेत. अमोनिया सोडला तेव्हा आत असलेल्या सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं, म्हणून बाहेर पळालो. बाबा सगळ्यांत शेवटी बाहेर आले. त्यांचा कंप्रेसर शेटच्या आवारात सुट्या भागांसाठी जाऊन पडला. शेडमध्ये पुढे कुणीतरी भाताचा पेंढा भरला.

पुढच्या हंगामात भाव पूर्वीच्याही वर गेला. खिडकीतली जुनी उत्तरं परत आली. जाळी विणणारा तो माणूस स्वतः आमच्या दारात आला. "भाऊ, आता तक्रार करू. सगळे सही करतो."

बाबा म्हणाले, "मी आता त्यांचा माणूस आहे. मला विचारू नका. हिला विचारा." आणि ते आत गेले.

मला तेव्हा सनद मिळाली होती आणि मी डहाणूच्या कोर्टात वकिली सुरू केली होती. मी नवी तक्रार लिहिली. सगळे सही करतो म्हणाले होते, प्रत्यक्षात मावशीनेच केली. बाकीच्यांना सकाळी उठून बर्फ आणायचा होता. नव्वदचं दशक सुरू झालं होतं. पेपरात रोज खुला बाजार आणि स्पर्धा हेच शब्द. स्पर्धेने सगळं स्वस्त होणार, सगळं चांगलं होणार. मी ते अग्रलेख वाचायचे आणि पेपर घडी घालून ठेवून द्यायचे. शेटच्या वकिलाचं म्हणणं दोन ओळींचं होतं. दुसरा कारखाना मालकाने राजीखुशीने विकला. आजही कुणालाही कारखाना काढायला कुणी अडवलेलं नाही. दोन्ही खरं होतं.

एका तारखेला मी मावशीला घेऊन दिल्लीला गेले. तिने गाडीत रात्रभर खिडकीची जागा सोडली नाही. आयोगाच्या व्हरांड्यात ती नवं लुगडं नेसून भिंतीला पाठ लावून बसली. येणारेजाणारे तिच्याकडे पाहत होते. दुपारी पुकारा झाला, एक सदस्य रजेवर असल्याने पुढची तारीख. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत आम्ही बसलोसुद्धा नव्हतो.

"झालं?" तिने विचारलं.

"आजचं झालं."

"मला काय विचारलंच न्हाय."

पुढच्या तारखेआधी तिचा मुलगा आला. आता बोट तो चालवत होता. दारातच उभा राहिला. "ताई, आईला आता नेऊ नका. आमची बोट आठवडा झाला बंद हाय, बरफ देत न्हाय आमाला. शेटच्या माणसाने सांगितलं, केस सोडली तर उद्यापासून देऊ." मी काय सांगणार होते? दुसऱ्या दिवशी त्यांना बर्फ मिळाला. मासळी अर्थातच शेटना.

बाबा त्या कारखान्यात अंगात बळ होतं तोवर राहिले. त्यांच्या हाताखाली शेटचं यंत्र कधी बंद पडलं नाही. त्याबद्दल त्यांना दिवाळीला वेगळं पाकीट मिळायचं, ते तसंच आईच्या हातात द्यायचे. जेवताना बोलणं पुन्हा थांबलं होतं. कायद्याविषयी त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. मीही वाटण्या, कब्जे आणि कुळांच्या भांडणांत पडले. त्या कायद्याचं पुस्तक कपाटात होतं. पुढे सरकारने तो कायदाच जुना झाला म्हणून बदलायची चर्चा सुरू केली, तेव्हा मी ते उघडूनही पाहिलं नाही.

मावशीने ताज्या मासळीचा धंदा सोडला. सुक्याला बर्फ लागत नाही. बोंबील आणि जवळा घेऊन ती तलासरीच्या बाजारात बसू लागली. मी तहसील कचेरीच्या कामाला तलासरीला गेले होते, बाजाराचा दिवस होता, आणि तिने मला हाक मारली. केस पिकले होते. पोत्याचा कोपरा झटकून तिने मला बसायला जागा केली.

"आपली केस चालू हाय का गं अजून?"

"नाही मावशी. संपली."

"काय लागला निकाल?"

"तक्रारदार हजर नाही म्हणून काढून टाकली."

तिने थोडा विचार केला. समोरच्या गिऱ्हाइकाला जवळ्याचं माप भरून दिलं, वर एक चिमूट जास्त टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं झालं. आता तिकडं जायला नको."